काकांनी बोललेले सिनेमे

आमच्या काकांच्या टीव्हीला आवाज नव्हता. म्हणजे होता, पण रविवारी दुपारी हिंदी सिनेमा लावला की काका तो पार शून्यावर नेऊन ठेवत, टीव्हीच्या शेजारी लाकडी खुर्ची ओढत आणि पडद्यावरच्या सगळ्या माणसांचं बोलणं स्वतः बोलत. मराठीत. हिरोचं, हिरॉइनचं, हिरोच्या आईचं, इन्स्पेक्टरचं, एकदा तर हिरोच्या कुत्र्याचंही. आम्ही कॉलनीतली मराठी पोरं सतरंजीवर मांडी घालून ऐकायचो. कितीतरी दिवस माझी अशी समजूत होती की सिनेमा दाखवायला शेजारी एक माणूस लागतोच, जसा बसला कंडक्टर लागतो.

ते माझे सख्खे काका नव्हेत. माझ्या बाबांचे साहेब. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात दफ्तरी होते, म्हणजे फायली बांधायच्या, शिवायच्या, या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या. काका त्याच मजल्यावर सेक्शन ऑफिसर. आम्ही लातूरकडचे, ते साताऱ्याकडचे. गावी असतो तर एकमेकांच्या दारात गेलो असतो की नाही, सांगता येत नाही. दिल्लीत मात्र मराठी बोलणारा माणूस भेटला की पुढचं कुणी फार विचारत नाही. बाबा त्यांना 'साहेब' म्हणायचे. मी पहिल्यांदा 'काका' म्हटलं तेव्हा बाबांनी मला तिथल्या तिथं दटावलं. काका म्हणाले, "असू द्या हो. ऑफिस पाचला सुटतं."

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी सगळीकडे सांगते, नोकरीच्या मुलाखतीतही कुणी न विचारता सांगितलं होतं. इथेही सांगून ठेवते, कारण त्या पदवीत काकांचा हात आहे आणि ती जवळजवळ गेली होती त्यातही काकांचाच हात आहे.

काकांनी लग्न केलेलं नव्हतं. रविवारीसुद्धा सफारी सूट घालत. चिवडा चमच्यानं खात, आणि प्रत्येक चमच्यात एक शेंगदाणा यावा अशी व्यवस्था करत. शेंगदाणे आधी संपले तर उरलेला चिवडा तसाच ठेवून देत. भाजीवाल्याशी मराठीत बोलत. तो बिहारचा. काका म्हणत, "वांगी किडकी वाटतात," तो म्हणे, "नहीं साहब, सुबह की हैं," आणि दोघांचं वर्षानुवर्षं काही अडलं नाही.

ऑफिसातलं त्यांचं काम म्हणजे खालून आलेले मसुदे सुधारणं. कुणी लिहिलं की अमक्याची विनंती फेटाळण्यात येत आहे, तर काका ते लाल शाईनं खोडून लिहीत, की सध्या मान्य करणं शक्य होत नाही. ते म्हणत की नकारानं माणूस दुखावतो, 'सध्या'नं दुखावत नाही. हे त्यांचं नुसतं ऑफिसपुरतं नव्हतं. कॉलनीत दोन बायका नळावरून भांडत होत्या तर हे मध्ये जाऊन उभे राहिले आणि एकीला म्हणाले की तुमचा मुद्दा बरोबर आहे, वाक्य चुकलंय. दोघींनी मिळून त्यांना हाकललं. "आधी वाक्य सुधारा, माणूस मागून सुधारतो," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. पोरं 'मला नींद आली' म्हणाली तरी त्यांचा चेहरा दुखल्यासारखा व्हायचा. दिल्लीत वाढणाऱ्या पोरांचं मराठी असंच घसरत जाणार आणि मग ती कुठलीच राहणार नाहीत, अशी त्यांची धास्ती होती. रविवारचे सिनेमे त्यासाठी.

शनिवारी संध्याकाळी ते मार्केटमधून कॅसेट आणत आणि दार लावून, आवाज लावून, एकटे बघत. रविवारी दुपारी आम्ही जमलो की तोच सिनेमा मुका होऊन, सुधारून यायचा. काकांच्या सिनेमातला व्हिलन पिस्तूल रोखून, गडगडाटी हसत म्हणायचा, "आपल्या मागणीचा योग्य वेळी विचार करण्यात येईल." हिरोचं कुठलंही बोलणं 'आपली हरकत नसेल तर' असं सुरू व्हायचं. आया मात्र सगळ्या एकच वाक्य बोलायच्या, 'जेवून जा'. आई रडत असो, देवापुढं पदर पसरत असो की मुलाला घराबाहेर काढत असो, काका बारीक आवाजात म्हणायचे, जेवून जा. आम्ही हसून लोळायचो. बाबा दाराशी, चपलांजवळ बसून बघायचे. खुर्ची दिली तरी घ्यायचे नाहीत.

आणि गाणं आलं की पाण्याची सुट्टी. "चला, गाणं आहे, पाणी पिऊन घ्या," म्हणत काका आम्हाला रांगेनं स्वयंपाकघरात नेत. माठ, एकच पेला, प्रत्येकानं विसळून पुढच्याला द्यायचा. गाणं संपेपर्यंत रांग संपायची. हिंदी सिनेमातली गाणी मी लहानपणी पाहिलीच नाहीत, प्याले.

आमचा सगळ्यांचा आवडता एक सिनेमा होता. आम्ही तो मागून मागून पुन्हा लावायला लावायचो, शेवटी काकांनी त्याची कॅसेट विकतच घेतली. डोंगरातलं एक गाव, कॉलेज, लाल स्वेटरची मुलगी आणि तिच्या मागून सगळ्या गावभर फिरणारा मुलगा. काकांच्या गोष्टीत त्या मुलीचं पुस्तक लायब्ररीत राहिलेलं असतं आणि हा बिचारा ते परत द्यायला निघालेला असतो. तिला ते माहीत नसतं, म्हणून ती भराभर चालते. तो जवळ पोचणार तेवढ्यात मध्ये गाडी येते, मेंढरं येतात, तिच्या मैत्रिणी येतात. आम्ही सतरंजीवरून ओरडायचो, अगं थांब, तुझं पुस्तक. मग पुलावर तो तिचं मनगट धरतो. काका हिरोच्या जाड आवाजात म्हणायचे, "अहो, पुस्तक राहिलं आपलं." ती रडायला लागायची, आणि काका बारीक आवाज काढायचे, "किती शोधलं मी ते." आम्ही टाळ्या वाजवायचो. मग गाणं. मग पाणी.

त्यात कॉलेजचा शिपाई होता. माझ्या तो फार लक्षात आहे. काकांच्या तोंडून तो सगळ्यांना शहाणपणाचं सांगायचा, पोरांनो वेळेवर वर्गात जा, मोठे व्हा. शिपाई बोलायला लागला की मी मागे वळून बाबांकडे बघायची.

मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि आई-बाबा गावी परत गेले. मी मुनिरक्यात दोन मुलींबरोबर खोली घेतली. तिथल्या गल्ल्या अशा की समोरच्या घरातला माणूस दाढी करताना आपल्याला आरशात दिसतो. काही दिवसांनी बसस्टॉपपासून खोलीपर्यंत एकजण माझ्या मागे यायला लागला. बोलायचा नाही. मी दुकानात शिरले तर बाहेर थांबायचा. रविवारी मी काकांकडे जेवायला जायची, तेव्हा त्यांना सांगितलं. दिल्लीत हे सांगण्यासारखं माझं दुसरं माणूस नव्हतं.

काकांनी वरण ढवळत विचारलं, काही बोलतो का. मी म्हटलं, नाही, नुसता मागे येतो.

"मग तूच थांब आणि विचार. नीट शब्दांत विचार. माणसाला नीट विचारलं की त्याला नीटच उत्तर द्यावं लागतं."

मला ते पटलं. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. माझ्या खोलीतल्या मुली ओढणीला सेफ्टी पिन लावून ठेवायच्या, कुणी जवळ आलं तर टोचायला. मी मात्र बसमध्ये उभी राहून वाक्य जुळवत होते. गल्लीच्या तोंडाशी थांबले, वळले आणि विचारलं, भाईसाहब, आपको मुझसे कुछ काम है?

त्यानं माझं मनगट धरलं. हसला. म्हणाला, "इतने दिन लगा दिए पूछने में."

मी हात सोडवून पळाले. दुसऱ्या दिवशी तो दोन मित्र घेऊन आमच्या जिन्यात येऊन बसला. त्याच्या पुढच्या दिवशीही. घरमालकानं त्यांना काही म्हटलं नाही, आम्हाला म्हटलं, यहाँ ये सब नहीं चलेगा, कमरा खाली करो. त्या दोन मुली माझ्याशी बोलेनाशा झाल्या, कारण जिन्यात सगळ्यांसमोर तो म्हणाला होता की आधी मीच बोलले. ते खरंच होतं.

गावी कळवल्यावर बाबा गाडीनं आले. मला घेऊन आधी काकांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते काकांसमोर, कुणी बसा न म्हणता, खुर्चीवर बसले.

"साहेब, पोरीला थांबून विचारायला तुम्ही सांगितलं?"

"हो," काका म्हणाले. त्यांच्याकडे याहून सुधारलेलं वाक्य नव्हतं.

बाबा म्हणाले, सामान बांध, परीक्षा राहू दे. मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत बाबांना मी दिलेला तो एकच नकार, आणि त्यात 'सध्या' नव्हतं. म्हटलं, पेपर देणार, मग काय करायचं ते करा. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आईनं मला त्यांच्या घरी ठेवून घेतलं.

पहिल्या पेपरला बसमधून उतरले तर बऱ्याच मागे काका. मे महिन्याच्या उन्हात सफारी सूट, हातात डबा. माझ्या बरोबरीनं आले नाहीत, हाक मारली नाही. मी चालले की चालायचे, मी रस्ता ओलांडायला थांबले की थांबायचे. कॉलेजच्या गेटपर्यंत आले आणि समोरच्या कडुनिंबाखाली बसून राहिले. पेपर सुटला तेव्हा तिथेच होते. परत बसस्टॉपपर्यंत तसेच मागे. प्रत्येक पेपरला असंच. पहिल्या दिवसानंतर मी एकदाही वळून बघितलं नाही, पण मागे चालणारं पाऊल ओळखू येतं. पाठीमागून कुणी येतंय या जाणिवेनं अंगावर काटा यायचा आणि त्याच पावलामुळे धीरही यायचा. हे दोन्ही एकदम कसं होतं, मला सांगता येत नाही. त्याबद्दल आम्ही पुढे कधी बोललो नाही. मी पास झाले. पेढे घेऊन गेले, तर म्हणाले, "मार्कलिस्टमधलं नावाचं स्पेलिंग तपासून घे."

नंतर नोकरी, लग्न, नोएडात फ्लॅट. नवरा पुण्याचा, आयटीतला, आई-वडील दोघंही शिकलेले. त्याच्या घरात पुस्तकांची कपाटं होती. आमच्याकडे बाबा गेल्यावर गावचं घर भावकीत गेलं आणि एक पितळी तांब्या माझ्या वाट्याला आला. आमची मुलगी दहा वर्षांची आहे. मराठी समजतं, बोलताना हिंदीत जाते. तिला आपलं म्हणून काही द्यावं असं मला वाटतं, आणि माझ्या लहानपणात देण्यासारखं काय आहे असं शोधायला गेलं की मला ती सतरंजी दिसते.

काका आता मयूर विहारला एका सोसायटीत एकटे राहतात. ऐंशी उलटून गेली. कॅसेटी एका दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्यात, तरी त्यांना कॅसेटच म्हणतात. मुलगी बोलायला लागल्यापासून त्यांचं मागणं एकच, तिला रविवारी आण. "तिचं मराठी जाईल गं. मग ती तुझं काहीच वाचू शकणार नाही." मी काय मोठं लिहून ठेवलंय असं नव्हतं, पण ते वाक्य लागायचं. सुट्ट्या, क्लास, ट्रॅफिक असं करत मी टाळत राहिले, आणि मग त्यांचा आवाज फोनवर बारीक येऊ लागला तेव्हा ठरवलं की आता न्यायचं.

नवरा म्हणाला, "जुने पिक्चर मुलांना दाखवण्यासारखे नसतात यार. मी माझे लहानपणीचे लावून बघितले, दहा मिनिटांत बंद करावे लागले."

मी म्हटलं, "तुमचे नसतील. आमचे होते."

हे मी ताठ मानेनं म्हटलं. बाकीचे हिंदी सिनेमे कसे असतात ते मला माहीत होतं, मी काही शेतातून उठून आलेली नाही. पण लाल स्वेटरचा सिनेमा त्यातला नव्हता. तो मी मोठेपणी पुन्हा कधी बघितला नव्हता, कारण बघण्याची गरजच नव्हती, पाठ होता. तरी एका शनिवारी, मुलगी स्केटिंगला गेली असताना, तिला काय काय समजणार नाही ते बघावं म्हणून मी तो लॅपटॉपवर लावला. पहिल्यांदा आवाजासकट.

पुस्तक नव्हतंच. मित्रांबरोबर पैज लागलेली असते, ही मुलगी किती दिवसांत हो म्हणते त्याची. तो मागून चालताना जे बोलतो ते तिच्या चालण्याबद्दल, स्वेटरबद्दल. मैत्रिणी येतात त्या मध्ये पडायला येतात. पुलावर तो मनगट धरून म्हणतो की असल्या मुली विचारून मिळत नसतात, आणि ती जे रडत म्हणते ते एवढंच असतं की सोडा, मला घरी जाऊ द्या. मग ते गाणं. त्या गाण्यात ती त्याच्याबरोबर नाचते आणि लाजते. आम्ही पाणी पीत होतो तेवढ्यात ती प्रेमात पडली होती.

शिपाई तोतरा होता. हिरो येता-जाता त्याच्या डोक्यावर टपली मारतो आणि प्रत्येक टपलीला मागे भोंगा वाजतो. बाबा चपलांपाशी बसून जे बघत होते ते हे. त्यांना हिंदी चांगलं यायचं, आणि हा सिनेमा त्यांनी बाहेर कधीतरी आवाजासकट पाहिलेला असणार. ते कधी बोलले नाहीत.

मी लॅपटॉप मिटला आणि मला मुनिरक्याची गल्ली आठवली. इतकी वर्षं मी समजत होते की काकांनी एक चुकीचा सल्ला दिला आणि मी ऐकला. तसं नव्हतं. सल्ला मला नवा नव्हताच, म्हणून तो इतक्या सहज पटला. मागे येणाऱ्याच्या हातात आपलं काहीतरी राहिलेलं असतं, हे मला सातव्या-आठव्या वर्षापासून माहीत होतं. खोलीतल्या त्या दोघी मुलींनी हेच सिनेमे आवाज लावून पाहिले होते. त्यांच्याकडे निदान पिना होत्या.

मग नेलंस कशाला, असं नवरा अजून विचारतो. माझ्याकडे दुसरं काही नाही म्हणून नेलं. शब्द वाईट आहेत तर शब्द बदलून देणारा माणूस अजून जिवंत आहे, असं स्वतःला सांगून नेलं. काकांना फोनवर बजावलं की दुसरा कुठला तरी लावा. ते अगदी अगदी म्हणाले आणि तोच काढून बसले. "तुझा आवडता," म्हणाले. सफारी सूट घातला होता, तो आता त्यांच्यावर टांगल्यासारखा दिसत होता. बशीत चिवडा, चमचा. मुलीनं वाकून नमस्कार केला, कारण मी गाडीत तसं शिकवलं होतं, आणि त्यांना आजोबा म्हणाली. ते फार खूश झाले.

आवाज शून्यावर गेला. काका बोलू लागले. धाप लागायची, हिरो आणि हिरॉइन यांचा आवाज आता एकच झाला होता, पण वाक्यं तीच, जागच्या जागी. मुलगी आधी हसली. हिरोची आई 'जेवून जा' म्हणाली तेव्हा तर खळखळून हसली, आणि मला वाटलं, निभावलं. मग रस्ता आला, मेंढरं आली. मुलगी हसायची थांबली. पुढं सरकून बघायला लागली.

"आजोबा, पण त्याच्या हातात बुक नाहीये."

काका म्हणाले, पिशवीत असेल.

"पिशवी पण नाहीये." मग माझ्याकडे वळून, "मम्मा, ये विलन है ना?"

काकांनी सांगितलं की नाही गं बाळ, हा हिरो.

"हिरो आहे? मग ती पळते कशाला?"

तेवढ्यात पूल आला. त्यानं मनगट धरलं. काकांचं तोंड उघडलं होतं, वाक्य येईल म्हणून मी वाट बघत होते. आलं नाही. पडद्यावरची मुलगी आवाजाशिवाय रडत होती आणि ते रडणं पुस्तक सापडल्याचं नव्हतं, हे ज्याला डोळे आहेत त्याला दिसत होतं. आम्हालाही डोळे होते. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

गाणं लागलं. कुणी पाण्याला उठलं नाही. ती मुलगी हसत, गिरक्या घेत त्याच्याकडे धावत आली आणि माझ्या मुलीनं मला हळूच विचारलं, आता ही खूश का आहे.

काकांनी टीव्ही बंद केला. चिवड्याची बशी मुलीच्या पुढं सरकवली. मग मला म्हणाले, "मी वाक्यं बदलत गेलो. गोष्ट तशीच राहिली की गं."

मला म्हणता आलं असतं की असू द्या. मी म्हटलं नाही, कारण ते खरं होतं, आणि त्यांना खरं कळलं होतं.

"तुझ्या वेळी," ते म्हणाले आणि थांबले. "मुनिरक्यात." पुढचं वाक्य त्यांनी दोनदा सुरू केलं आणि दोनदा सोडलं. मुलगी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत चिवडा खात होती. दारात चपला घालताना ते मागे उभे होते. म्हणाले, "हिला पुन्हा रविवारी आणू नकोस." मी बरं म्हटलं.

पुढच्या रविवारी फोन आला. त्यांनी दुसरा एक लावून बघितला होता, तो आंधळ्या आईचा. आवाज लावून, सुरुवातीपासून, गाण्यांसकट. "हाही नाही चालायचा," म्हणाले. त्यात हिरो बहिणीला थोबाडीत मारतो, ती घरी उशिरा आली म्हणून, आणि सगळे म्हणतात बरं केलं. काका तिथं म्हणायचे की तिच्या गालावर डास बसला होता. त्यापुढच्या रविवारी जुळ्या भावांचा. त्यातली काळी मुलगी नुसती हसण्यासाठी ठेवलेली आहे, म्हणाले, मी तिला डॉक्टर केलं होतं, आठवतं? मला आठवत होतं. मला तिच्यासारखं डॉक्टर व्हायचं होतं. मग मालिका काढल्या, रविवारी सकाळच्या. त्यातली सून सात वर्षांत एकदाही बसून जेवत नाही, हे मला आत्ता दिसलं, म्हणाले.

ते मुलीसाठी एक तरी शोधत होते. असा एक, की जो लावला आणि दहा वर्षांच्या पोरीनं काहीही विचारलं तरी गप्प बसावं लागणार नाही. मी त्यांना सांगितलं, राहू द्या, आता मुलांसाठी वेगळं खूप असतं. ते म्हणाले, "ते त्यांचं झालं. आपलं काय?" रविवारी फोन वाजला की मी स्वयंपाकघरात जाऊन घेते, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून. रोज थोडं थोडं बघतात, रविवारी निकाल सांगतात. हाही नाही. हाही नाही. आवाज इतका बारीक झालाय की फोन कानाला दाबून धरावा लागतो.

परवाच्या रविवारीही फोन आला.

"आता बघायचा एकच राहिलाय," म्हणाले. "तो मी लावत नाही."

"नका लावू, काका," मी म्हटलं.